रस्ता मोकळा करणं सोपं, सांभाळणं अवघड

कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरानं १९६४ साली आपल्या मुख्य बाजाररस्त्यावरून मोटारी हटवल्या. कामात कुठेही कंजुषी नव्हती. नियोजन व्हिक्टर ग्रुएन यांचं, प्रत्यक्ष आखणी गॅरेट एक्बो या नामांकित उद्यानरचनाकाराची. कारंजी, शिल्पं, झाडं, बसायला जागा, सगळं होतं. त्याच्या दोन वर्षं आधी, नोव्हेंबर १९६२ मध्ये, कोपनहेगननं स्ट्रॉयट हा सुमारे १.१ किलोमीटरचा रस्ता मोटारींना बंद केला होता, तोही सुरुवातीला प्रयोग म्हणून. तिथे विरोधकांचा सूर असा होता, की रस्त्यात रेंगाळणं हा इटलीसारख्या उबदार देशातल्या लोकांचा छंद. आपल्या थंडी-पावसात बाहेर कोण बसणार? आज स्ट्रॉयट पादचाऱ्यांचाच आहे आणि त्याच्या आजूबाजूचं पादचारी क्षेत्र कित्येक पटींनी वाढलं आहे. फ्रेस्नोनं मात्र २०१७ मध्ये आपला रस्ता पुन्हा मोटारींसाठी खुला केला.

फ्रेस्नो एकटं नाही. १९५९ मध्ये कालामाझू शहरानं सुरुवात केल्यावर अमेरिकेत असे सुमारे दोनशे रस्ते झाले आणि त्यांतले बहुतेक पुढे मोडीत निघाले. शिकागोनं १९७९ मध्ये स्टेट स्ट्रीट खासगी मोटारींना बंद केला आणि १९९६ मध्ये पुन्हा उघडला. शहरातले गजबजलेले रस्ते चालणाऱ्यांना द्यावेत असं मानणारे लोक (मी त्यांतलाच) ही यादी सहसा सांगत नाहीत. विरोधक फक्त तेवढीच सांगतात.

यादी नीट पाहिली तर दोष रस्त्यात फारसा दिसत नाही. फ्रेस्नोचे लोक उपनगरांत राहायला गेले, नवे महामार्ग त्यांना तिकडेच नेत राहिले, आणि दुकानंही त्यांच्यामागून प्रचंड पार्किंग असलेल्या मॉलमध्ये गेली. गंमत अशी, की छताखालचा, चहूबाजूंनी बंदिस्त उपनगरी मॉल १९५६ मध्ये मिनिआपोलिसजवळ साउथडेल इथे ज्यानं उभा केला तो हाच व्हिक्टर ग्रुएन. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढून घेतलं. फ्रेस्नोत चालायला रस्ता होता, पण चालत पोचता येईल अशा अंतरावर राहणारी माणसं उरली नव्हती. उलट कोलोरॅडोतलं बोल्डर किंवा व्हरमाँटमधलं बर्लिंग्टन इथले पादचारी रस्ते टिकले. दोन्ही विद्यापीठांची गावं. विद्यार्थी, शिक्षक, नोकरदार पायी येण्याच्या टप्प्यात राहतात.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की पादचारी रस्ता हा सुशोभीकरणाचा विषय मानला की तो फसतो. तो आजूबाजूच्या रस्त्यांचा, बसगाड्यांचा, मालाच्या टेम्पोंचा आणि रोजच्या देखरेखीचा विषय आहे. फरशी कुठली, दिवे कुठले, हे सगळ्यात शेवटी येतं. प्रत्यक्षात मात्र जवळजवळ सगळीकडे चर्चेची सुरुवात संगणकावर काढलेल्या चित्रानं होते. त्यात फुगे घेतलेलं एक मूल असतं, एक सायकल असते आणि कचऱ्याचा डबा कुठेच नसतो.

तर मग रस्ता निवडायचा कसा? उत्तर चित्रात सापडत नाही, गर्दीत सापडतं. जिथे माणसं आधीच फूटपाथवर मावेनाशी होऊन रस्त्यावर उतरलेली आहेत, तिथे मोटारी बाजूला करणं म्हणजे जे घडतंच आहे त्याला जागा देणं. साधारण तीन मीटर रुंदीच्या एका मार्गिकेतून खासगी मोटारींनी तासाला ६०० ते १,६०० माणसं जातात. बससाठी राखीव ठेवली तर ४,००० ते ८,०००. तेवढीच रुंदी चालणाऱ्यांना दिली तर ९,००० पर्यंत. म्हणजे गजबजलेल्या बाजारपेठेत मोटारींच्या रांगेला दिलेली जागा ही, माणसं पोचवण्याच्या हिशेबानं, सगळ्यात उधळी वाटणी आहे. ‘रहदारीचा विचार करा’ असं म्हणणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की रहदारी मोजताना चाकं मोजू नका, माणसं मोजा.

ओसाड भागात गर्दी आणण्यासाठी म्हणून रस्ता मोटारींना बंद करणं, हे मात्र मला पटत नाही. ज्या रस्त्यावर संध्याकाळी सातनंतर चिटपाखरू नसतं, तिथे मोटारींचा उजेडही गेला की एकट्यादुकट्या बाईला तो रस्ता पूर्वीपेक्षा जास्त भीतीचा वाटेल. वरच्या मजल्यांवर माणसं राहतात का, उशिरापर्यंत काही उघडं असतं का, हे आधी बघायला हवं.

आता दुकानदार. जगातल्या कुठल्याही शहरात पहिला विरोध त्यांचाच असतो, आणि त्यांना सरसकट अडाणी ठरवणं ही प्रकल्पवाल्यांची आवडती चूक. दुकानदाराच्या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली, ‘गिऱ्हाईक गाडीनं येतं, गाडी बंद म्हणजे धंदा बंद.’ ही बहुतेक ठिकाणी मोजून खोटी ठरली आहे. बर्लिनमध्ये दोन गजबजलेल्या बाजाररस्त्यांवर दुकानदारांना विचारलं, तुमचे किती ग्राहक मोटारीनं येतात? त्यांचा अंदाज निघाला सुमारे २२ टक्के. ग्राहकांनाच विचारलं तेव्हा आकडा ७ टक्क्यांच्या आत होता. आपले किती ग्राहक एक किलोमीटरच्या आत राहतात, याचा दुकानदारांचा अंदाज साधारण १३ टक्के. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली: जे दुकानदार स्वतः मोटारीनं येतात, त्यांना आपली गिऱ्हाइकंही मोटारीनं येतात असं जास्त वाटतं. ब्रिस्टलमध्येही असंच घडलं होतं. अंदाज ४१ टक्के, प्रत्यक्षात २२. यात लबाडी नाही. दुकानासमोर गाडी लावायला जागा नाही म्हणून कुरकुरणारा ग्राहक लक्षात राहतो. मुकाट्यानं चालत येऊन सामान घेऊन जाणारा लक्षात राहत नाही.

दुसरी तक्रार मात्र खरी असते: माल कसा येणार? फर्निचरचं, कपड्याच्या गठ्ठ्यांचं, बर्फाचं, औषधांचं दुकान टेम्पोशिवाय चालत नाही. यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. सकाळी ठरावीक वेळेपर्यंत माल उतरवायची मुभा, नंतर बंद; युरोपातले बहुतेक पादचारी रस्ते असेच चालतात. अट एकच, की वेळ दुकानदारांबरोबर बसून ठरवायची आणि ती धंद्यागणिक वेगळी असू शकते हे मान्य करायचं. पहाटे माल उतरवून घ्यायला माणूस ठेवावा लागला तर त्याचा पगार कोणाच्या खिशातून, हा प्रश्न किरकोळ नाही. छोट्या दुकानदाराच्या विरोधामागे पुष्कळदा तोच असतो, फक्त तो पार्किंगच्या भाषेत बोलला जातो.

रहदारी शेजारच्या गल्लीत घुसेल, हा दुसरा मोठा आक्षेप. इथे दोन्ही बाजू अर्धं खरं बोलतात. सॅली केर्न्स, कार्मेन हास-क्लाउ आणि फिल गुडविन यांनी ११ देशांतली सत्तरच्या वर उदाहरणं तपासली. रस्त्याची जागा कमी केल्यावर, निम्म्या ठिकाणी पूर्वीच्या वाहनांपैकी ११ टक्क्यांहून जास्त वाहनं आजूबाजूच्या रस्त्यांवरही सापडली नाहीत. लोकांनी वेळ बदलली, साधन बदललं, दोन खेपांचं काम एका खेपेत उरकलं, किंवा मुळात गरज नसलेली फेरी मारलीच नाही. पण अकरा टक्के गेली याचा अर्थ बाकीची कुठेतरी गेली असाही होतो, आणि ती ज्यांच्या खिडकीखालून जातात त्यांना सरासरी ऐकवून उपयोग नाही. एका रस्त्यावर मोगरा आणि मागच्या गल्लीत धूर, अशी वाटणी झाली तर मागच्या गल्लीनं मोर्चा काढावाच.

म्हणून सुटा रस्ता घेऊन चालत नाही, नकाशा घ्यावा लागतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेननं सप्टेंबर १९७७ मध्ये हे करून दाखवलं. शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले. एका भागातून शेजारच्या भागात मोटारीनं थेट जायचं नाही. बाहेरच्या वळणरस्त्यावर जायचं आणि तिथून हव्या त्या भागात शिरायचं. पायी, सायकलनं किंवा बसनं मात्र सरळ जा. प्रत्येक दारापर्यंत मोटार पोचत होती, बंद झाली ती फक्त शहराच्या पोटातून आरपार जाण्याची सोय. बेल्जियमच्या गेंट शहरानं एप्रिल २०१७ मध्ये हीच कल्पना सहा भाग करून राबवली. मला या युक्तीत विशेष काय वाटतं, तर तिला खर्च फार नाही. काही अडथळे, काही पाट्या, काही एकेरी मार्गांच्या दिशा बदलायच्या. डोकं मात्र खूप लागतं, आणि डोक्याची निविदा निघत नाही. गावाच्या मध्यातून आरपार जाणारं वाहन त्या बाजारपेठेला काहीच देत नाही. धूर आणि भोंगा तेवढा देऊन जातं. आधी हटवायचं ते हे वाहन. दुकानात येणाऱ्याची गाडी ही नंतरची गोष्ट, आणि तिच्यासाठी थोड्या अंतरावर जागा देता येते.

स्पेनमधल्या पोन्तेवेद्रानं नेमकं ते केलं. १९९९ पासून महापौर मिगेल आन्शो फर्नांदेस लोरेस यांच्या कारकिर्दीत जुन्या गावातली सुमारे तीन लाख चौरस मीटर जागा पादचाऱ्यांना मिळाली. गाड्यांसाठी बाहेरच्या बाजूला तळ केले आणि गावात मेट्रोच्या नकाशासारखे नकाशे लावले, त्यात स्थानकांमधल्या अंतरांऐवजी एका चौकातून दुसऱ्या चौकात चालत जायला किती मिनिटं लागतात ते लिहिलं. आपण चालण्याचं अंतर नेहमी फुगवून धरतो. मिनिटं लिहिलेली दिसली की गाडी काढायचं निम्मं निमित्त संपतं.

पार्किंगच्या बाबतीत कोपनहेगनचा संथपणा मला फार शहाणा वाटतो. तिथे मध्यवर्ती भागातल्या पार्किंगच्या जागा वर्षाला दोन-तीन टक्क्यांनी कमी करत नेल्या. एका वर्षात दोन टक्के गेल्यानं कोणी चवताळत नाही. दहा-पंधरा वर्षांत सवयी बदलतात आणि मधल्या काळात बस, सायकल यांची सोय उभी राहते. याच्या अगदी उलट टोकाला ब्राझीलमधलं कुरितिबा. १९७२ साली तिथले महापौर झाइमी लेर्नर यांनी शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू केलं आणि ७२ तासांत मुख्य बाजाररस्त्याचा पहिला टप्पा पादचारी करून टाकला. हेतू उघड होता: कोणी न्यायालयात जाऊन मनाई आणायच्या आत काम उरकायचं. चिडलेले मोटारवाले गाड्या घेऊन रस्ता परत घ्यायला येणार असं कळलं, तेव्हा पालिकेनं तिथे लांबच लांब कागद अंथरून मुलांना चित्रं काढायला बसवलं. गाड्या आल्या तशा गेल्या.

ही गोष्ट शहर-नियोजनावर बोलणारे भक्तिभावानं सांगतात. मला ती ऐकताना थोडं अस्वस्थ वाटतं. त्या काळी ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती आणि महापौर निवडून आलेले नव्हते. परिणाम चांगला झाला म्हणून मुलांना मोटारींपुढे बसवण्याची पद्धत अनुकरणीय ठरत नाही. शिवाय याच धडाक्यानं उड्डाणपूलही बांधले जातात, तेव्हा आपण लोकसहभागाची आठवण काढतो. पण निव्वळ मतदानानंही हा प्रश्न सुटत नाही. मार्च २०२५ मध्ये पॅरिसनं आणखी ५०० रस्ते पादचाऱ्यांना द्यावेत का, असं नागरिकांना विचारलं. ६६ टक्के लोकांनी हो म्हटलं, पण मतदान झालं फक्त सुमारे ४ टक्के. एवढ्या मतांवर ना समर्थकांनी मिरवावं, ना विरोधकांनी.

या दोन टोकांच्या मध्ये मला पटणारी वाट न्यूयॉर्कनं दाखवली. २००९ च्या मे महिन्यात टाइम्स स्क्वेअरमधून जाणारा ब्रॉडवेचा तुकडा मोटारींना बंद झाला. दगड नाही, बांधकाम नाही. रंग, पिंपं आणि घडीच्या शेकडो स्वस्त खुर्च्या. वाहतूक विभागाच्या प्रमुख जॅनेट सादिक-खान यांनी जाहीरच केलं होतं, की हा प्रयोग आहे आणि मोजमाप करून पुढचं ठरवू. टॅक्सींमधल्या जीपीएसवरून वेग तपासला, अपघात मोजले. पादचाऱ्यांना होणाऱ्या दुखापती ३५ टक्क्यांनी आणि मोटारींतल्या लोकांच्या ६३ टक्क्यांनी घटल्या. २०१० मध्ये निर्णय कायम झाला आणि पक्कं बांधकाम त्यानंतर काही वर्षांनी झालं. प्रयोगाचा मोठा गुण म्हणजे तो मागे घेता येतो, आणि त्यामुळे लोक त्याच्याकडे जरा मोकळेपणानं बघतात. पण प्रयोग प्रामाणिक हवा. किती महिने चालणार, काय मोजणार, कुठला आकडा आला तर गुंडाळणार, हे पहिल्या दिवसाच्या आधी छापून आलं पाहिजे. नाहीतर ‘प्रयोग’ हे फक्त निर्णयाला घातलेलं सोवळं ठरतं.

ज्यांना चालता येत नाही त्यांचं काय? या प्रश्नाला पादचारीप्रेमी बऱ्याचदा गडबडीत उत्तर देतात. एक किलोमीटरचा मोटारमुक्त रस्ता तिशीतल्या माणसाला सहल वाटतो. गुडघे दुखणाऱ्या बाईंना तो बाजार आता आपल्यासाठी संपला असं वाटू शकतं. स्लोव्हेनियाच्या ल्युब्लियाना शहरानं २००७ पासून मध्यभाग मोटारींना बंद केला, तेव्हा सोबत हळू चालणाऱ्या छोट्या विजेच्या गाड्या ठेवल्या. हात केला की थांबतात, पैसे घेत नाहीत. ट्राम किंवा बस आत येऊ देणारे पादचारी रस्तेही आहेत. मेलबर्नच्या बर्क स्ट्रीटवर आणि झुरिकच्या बानहोफश्ट्रासवर ट्राम धावतेच. फॅशनच्या नादात फूटपाथ आणि रस्ता एकाच पातळीवर आणून सगळी कड पुसून टाकण्याचा प्रकार ब्रिटनमध्ये बराच झाला. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला ती कड म्हणजेच दिशा असते. अंधांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं ओरड केल्यावर २०१८ मध्ये तिथल्या सरकारला अशा नव्या कामांना थांबा म्हणावं लागलं. पायाला समजणाऱ्या उंचवट्यांच्या फरश्या सेइची मियाके यांनी जपानमधल्या ओकायामात १९६७ सालीच बसवून दाखवल्या होत्या. त्या वापरायला नवा शोध लागत नाही. पण त्यांच्यावर कोणी मोटारसायकल लावणार नाही याची व्यवस्था लागते.

आणि इथेच बहुतेक रस्ते हरतात. दिल्लीचा चांदनी चौक घ्या. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता सप्टेंबर २०२१ मध्ये नव्या रूपात खुला झाला. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांना बंदी. काम देखणं होतं. पण बंदीच्या वेळेत शिरणाऱ्या दुचाक्या, तुटलेले अडथळे आणि वाढलेली अतिक्रमणं यांच्या बातम्या लवकरच येऊ लागल्या. त्यात नवल नाही. अशा रस्त्यावर फरशी एका खात्याची, दिवे दुसऱ्याचे, गटार तिसऱ्याचं, वाहतूक पोलिसांची आणि कचरा ठेकेदाराचा. उद्घाटनाला सगळे हजर, आणि सहा महिन्यांनी एक खांब वाकला की तो कोणाचा हे ठरवायलाच चार पत्रं. दुचाकी ही तर अडथळ्यांची परीक्षाच: जिथून चाकाची खुर्ची जाते तिथून स्कूटरही जाते. लोखंड रोवून हा प्रश्न सुटणारा नाही. तिथे माणूस उभा लागतो, रोज, पगारी, दंड करायचा अधिकार असलेला. बांधकामाला कोट्यवधी मिळतात आणि या माणसाच्या पगारासाठी अंदाजपत्रकात रकानाच सापडत नाही.

जागा मोकळी झाली की ती कोणाची, हा वाद लगेच सुरू होतो. विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कचे चौक तासन्‌तास न्याहाळून काढलेला निष्कर्ष हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे: माणसं तिथे बसतात जिथे बसायला जागा असते. तरी नव्या पादचारी रस्त्यांवर बाक मोजकेच आणि कॅफेच्या खुर्च्या ढीगभर. पैसे न टाकता बसता येत नसेल, पाणी नसेल, स्वच्छतागृह नसेल, तर तो सार्वजनिक रस्ता राहिला नाही. पथारीवाल्यांना आधी हुसकावून मग ‘चैतन्य आणण्यासाठी’ रंगीत टपऱ्या भाड्यानं देणं, हा तर उघड अन्याय आहे. रस्त्यावर लोकांना इतकी वर्षं थांबवून धरलं ते त्याच विक्रेत्यांनी. त्यांची नोंद, त्यांच्या जागा आणि चालायला सोडायची रुंदी हे तिन्ही एकाच नकाशात, काम सुरू होण्याआधी यायला हवं.

भाड्याचं कोडं मात्र मला सुटलेलं नाही. रस्ता चांगला झाला की गाळ्यांची भाडी चढतात, किराणा आणि चप्पल दुरुस्तीवाला जातो, साखळी दुकानं येतात. याचा अर्थ रस्ते वाईट ठेवावेत असा होत नाही. पण एकच रस्ता चांगला केला तर सगळी मागणी त्याच्यावर तुटून पडते, हे दिसतंय. दहा साध्या रस्त्यांना रुंद फूटपाथ, सावली आणि सुरक्षित ओलांडणी दिली तर तो ताण विभागला जाईल, असं मला वाटतं. त्यातून फोटो चांगला निघत नाही, म्हणून ते होत नाही.

टोकियोच्या गिन्झामध्ये ऑगस्ट १९७० पासून मुख्य रस्ता शनिवार-रविवारी दुपारी काही तास मोटारींना बंद असतो, आणि संध्याकाळी पुन्हा वाहतूक सुरू होते. कोलंबियाची राजधानी बोगोटात १९७४ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात आता रविवारी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ते सायकलवाले आणि चालणारे वापरतात. जिथे पूर्ण बदल आज झेपत नाही, तिथे वेळ वाटून घेण्याची ही रीत उत्तम आहे, कारण तीत अडथळे लावणं, बस वळवणं, माल आत घेणं, कचरा उचलणं या सगळ्याचा सराव दर आठवड्याला होतो. फक्त त्याचा उत्सव करू नये. मंडप, ध्वनिक्षेपक आणि पाहुणे आणले की गर्दी त्यांना येते, आणि रस्ता नुसता मोकळा असता तर किती लोक आले असते हे कळतच नाही. आठवड्यातून एकदा, काहीही कार्यक्रम न ठेवता, सलग वर्षभर करून पाहावं. खर्च दोन-चार अडथळ्यांचा आणि ते लावणाऱ्या-काढणाऱ्या माणसांच्या पगाराचा.